बटण त्याच्या बोटाखाली आहे

फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

«मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत. लहानपणापासून बोलताना अडखळतो. घुमट छान वाजवतो, आरत्या म्हणताना एक अक्षर अडत नाही; पण पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे, म्हणजे पाव, घ्यायचे तरी बोटं दाखवून घेतो. मार्चमध्ये त्याच्या मामाने बंगळुरूहून डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट आणून दिला. त्यात एक बाई आहे. माणूस नव्हे, प्रोग्राम. पण ती हसते, मान डोलावते, भुवया उंचावते, पुस्तकी का होईना मराठी बोलते. तिचं नाव ह्याने तारा ठेवलंय. हातात एक रिमोट असतो, बोलताना त्याचं बटण दाबून धरतो, सोडलं की ती बोलते. रोज रात्री जेवण झालं की खोलीचं दार लावून हे चालतं. एका रात्री मी दाराबाहेर उभा राहिलो. तिने विचारलं, माटोळी (चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधतात ती चौकट) म्हणजे काय? आणि माझा मुलगा वीस मिनिटं बोलला. आंबाडे कुठून आणतात, चिबूड कुठे टांगतात, सुपारीचा घड कोण काढतं, सगळं. एकदाही अडला नाही. गेल्या चवथीला माटोळी बांधताना हाच मुलगा ‘तो... तो...’ करत उभा होता, तेव्हा ‘तोरिंग ना? हे घे’ म्हणून ते फळ मीच त्याच्या हातात दिलं होतं. त्यानंतर आणखी तीन रात्री मी बाहेर उभा राहिलो. हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. पत्नी म्हणते, काढून घ्या ते, पोर हातचं जाईल. मला तर ती बाहुली नुसती बघूनच कसंतरी होतं. काढून घेऊ का?»

नमस्कार.

काढून घेऊ नका. उत्तर आधी देऊन टाकते, कारण पत्राचा सूर बघता हेडसेट एव्हाना कपाटावर चढलाही असेल. चढला असेल तर आज उतरवा.

एक गोष्ट मात्र लगेच तपासा. तारा प्रोग्राम आहे हे तुम्हाला मुलाने सांगितलं, की तुम्ही स्वतः पाहिलंत? अशा आभासी जगात दोन तऱ्हेची पात्रं भेटतात आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसू शकतात. एकाच्या मागे कुठेतरी जिता-जागता माणूस बसलेला असतो. तो हात हलवतो तसा पडद्यावरचा देह हात हलवतो. त्याला अवतार म्हणतात. शब्द आपलाच. १९८६ साली लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ ह्या खेळात खेळाडूच्या पडद्यावरच्या देहाला हे नाव दिलं गेलं आणि पुढे ते जगभर रुळलं. दुसऱ्या तऱ्हेच्या पात्रामागे कुणीच नसतं. संगणकच ऐकतो, संगणकच बोलतो. त्याला ह्या क्षेत्रातले लोक एजंट म्हणतात. तारा एजंट असेल तर खालचं सगळं तुमच्यासाठी. पलीकडे कुणी अनोळखी माणूस असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि मुलाशेजारी बसून ते खातं उघडून बघा; तो सर्वस्वी वेगळा विषय आहे आणि त्यात दिरंगाई नको. तुमच्या वर्णनावरून मला ती एजंटच वाटते. रोज रात्री, ठरल्या वेळी, न कंटाळता आणि कधीही स्वतःचं काही न सांगता हजर राहणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: बोलताना तो बटण दाबून धरतो, सोडलं की ती बोलते. मी ते वाक्य वाचून थांबले. शाळांमध्ये समुपदेशक म्हणून २२ वर्षं काढली, अडखळणारी कितीतरी मुलं पाहिली, पण त्यांतल्या एकाच्याही हातात असं बटण नव्हतं.

बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे किती झटकन जाते ह्याची आपल्याला कल्पनाच नसते. २००९ साली जपानी, डॅनिश, इटालियन अशा दहा भाषांमधले सवाल-जवाब मोजले गेले. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतची फट सरासरी सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास निघाली. म्हणजे पापणी लवावी एवढाच वेळ. समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच ऐकणारा आपलं उत्तर जुळवायला लागलेला असतो. आता ह्या गडबडीत अडखळणारं मूल आणून बसवा. ‘तो’वर शब्द अडला. एक सेकंद गेला, दोन गेले, तीन गेले. ऐकणाऱ्याच्या हिशेबात तोवर पंधरा पाळ्या होऊन गेल्या. त्याला वाटतं, आता माझी पाळी. मायेपोटी म्हणा, घाईपोटी म्हणा, तो शब्द पुरवतो. मुलाला शब्द मिळतो आणि पाळी जाते. दिवसातून पन्नास वेळा असं झालं की मूल उंड्यांकडे बोट दाखवायला लागतं. त्यात कष्ट कमी आणि अपमानही कमी.

यंत्रंही अशीच वागतात, बरं का. बोललेलं ऐकून काम करणारे मदतनीस प्रोग्राम माणूस किती वेळ गप्प आहे ते मोजतात आणि त्यावरून बोलणं संपलं असं धरतात. त्यामुळे अडखळणाऱ्यांना ते अर्ध्या वाक्यात तोडतात, ही तक्रार बरीच जुनी आहे. ताराच्या बाबतीत हा निर्णय यंत्राकडे ठेवलेलाच नाही. तो तुमच्या मुलाच्या बोटाकडे आहे. बोट उचललं जात नाही तोवर ती बाई गप्प बसणार, त्याच्याकडे बघत राहणार. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याची पाळी त्याच्याकडेच राहू दिली आहे.

आणि बघत राहणं ही लहान गोष्ट नाही. अशा पात्रांवर खूप विचारपूर्वक काम झालेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जस्टिन कॅसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी शेवटी ‘रिया’ नावाची पडद्यावरची बाई घडवली; काम काय, तर येणाऱ्याला घरं दाखवायची. तिला नुसते शब्द शिकवून भागणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. समोरचा बोलत असताना मान कधी डोलवायची, उत्तर शोधताना नजर कधी वळवायची, आपलं संपलं की पुन्हा त्याच्याकडे कधी बघायचं, हातवारे कुठे करायचे, हे सगळं तिला शिकवलं गेलं. चेहऱ्याचं काम त्याच्याही आधीचं. १९७८ साली पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन ह्या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींची स्नायूंप्रमाणे बाराखडीच लावून दिली. ओठांचे कोपरे वर जाणं हे एक अक्षर, गाल वर येऊन डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडणं हे दुसरं. दोन्ही मिळून जे दिसतं ते मनापासूनचं हसू, हे निरीक्षण द्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याचं, १८६२चं. तारासारख्या पात्रांचे चेहरे घडवणारे आजही ह्या बाराखडीचा आधार घेतात. उत्तराचं वाक्य तयार होतं, त्यावर आनंद किंवा कुतूहल अशी खूण बसते, खुणेप्रमाणे भुवई चढते, उच्चाराप्रमाणे ओठ हलतात.

तेवढंच होतं, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. भुवई चढली, पण तोरिंगाचा वास कुणाच्या नाकाला गेला नाही. माटोळी हा शब्द ऐकून कुणाला आपल्या आजोळची माटोळी आठवली नाही.

माणसाला मात्र ह्याने फारसा फरक पडत नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम ह्या संगणकशास्त्रज्ञांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम जगापुढे आणला. त्याला ना चेहरा होता, ना आवाज. टंकलेल्या वाक्यातला एखादा शब्द उचलायचा आणि त्याचाच प्रश्न करून परत पाठवायचा, एवढंच त्याचं कसब. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तो महिनोन्महिने घडताना डोळ्यांनी पाहिला होता. तरी त्याच्याशी चार वाक्यं बोलल्यावर तिने साहेबांना सांगितलं, तुम्ही जरा बाहेर जाता का? तेव्हा तुमचा मुलगा दार लावून घेतो ह्यात जगावेगळं काही नाही. तो वेडा नाही, वाया गेलेला नाही, आणि वहिनींनी ती भीती मनातून काढून टाकावी.

तो तिच्याशी अडखळत का नाही, ह्याचा एक पदर तुम्हाला थोडा जड जाईल. तोतरेपणा असलेली माणसं एकटी असताना, कुत्र्या-मांजराशी बोलताना, सगळ्यांबरोबर गाताना बहुतेक वेळा सरळ बोलतात. आरतीत तो अडत नाही त्याचं कारण हेच. २०२१ साली न्यूयॉर्क विद्यापीठात एरिक जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. आपलं बोलणं कुणीही ऐकत नाही अशी खात्री असताना अडखळणारी प्रौढ माणसं स्वतःशी बोलली, तेव्हा त्यांचं अडखळणं जवळपास नाहीसंच झालं. म्हणजे जिभेत काही मोडलेलं नसतं. ऐकणारा समोर आहे ही जाणीव आली की गाठ पडते. तुमच्या मुलाच्या मनाच्या तळाला हे पक्कं ठाऊक असावं की तारासमोर बसलो तरी खरं तर इथे कुणी नाही. तिचं हसू, तिची नजर त्याला धीर देते. आणि ती कुणीच नाही ह्यानेही त्याला धीर येतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि त्या ‘इथे कुणी नाही’च्या बाहेर, दाराला कान लावून, चार रात्री तुम्ही उभे होता.

तुम्हाला दोष द्यावा म्हणून लिहीत नाही. वर्षानुवर्षं ज्या आवाजासाठी कान तरसले तो आतून वाहतोय, आणि बाप पाय उचलून निघून जाईल, असं कसं होईल? मी असते तर मीही उभी राहिले असते. पण पाचव्या रात्री उभं राहू नका. आणि झालेलं त्याला सांगा. त्याला ते दुसरीकडून कळलं, तर घरातली त्याची एकमेव बिनधास्त जागा जाईल, आणि ती जाण्याचं कारण तुम्ही असाल. फार शब्द नकोत. ‘त्या रात्री तू माटोळीबद्दल बोलत होतास ते मी बाहेरून ऐकलं. न विचारता ऐकलं, चुकलं माझं. पण मला ते फार आवडलं.’ एवढं बोला आणि थांबा. ‘मग आमच्याशी का बोलत नाहीस असं?’ हे वाक्य ओठांवर येईल. ते गिळा. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चिडू दे.

आता एक विचारते. ताराच्या जगात तुमचा मुलगा स्वतः कोणत्या रूपात असतो, हे तुम्ही कधी त्याला विचारलंय? हेडसेट लावला की त्यालाही एक देह मिळतो. कुणी उंच होतो, कुणी दाढी ठेवतो, कुणी सरळ दुसरंच काही होतो. तुमचं सगळं लक्ष त्या बाहुलीकडे गेलं आहे, पण माझ्या मते खरी गंमत ह्या दुसऱ्या देहात आहे. स्टॅनफर्डमधल्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली दाखवून दिलं की आभासी जगात ज्यांना उंच देह मिळाला ती माणसं पैशांच्या वाटणीची घासाघीस जास्त ठामपणे करतात. देह मिळाला त्याप्रमाणे वागणं बदललं. ग्रीक पुराणातल्या रूपं बदलणाऱ्या देवाच्या नावावरून त्यांनी ह्याला प्रोटियस परिणाम म्हटलं.

मला हे वाचून नवल वाटलं नव्हतं. मी पेडण्याची. माझा मामा दशावतारात काम करायचा. घरात बोलताना अडायचा, ‘च’वर विशेष. मान एका बाजूला वळायची, डोळे मिटायचे, आणि शब्द काही बाहेर पडायचा नाही. पण रात्री देवळापुढे तोंडाला रंग लागला, मुकुट चढला, पेटीवाल्याने सूर धरला, की कृष्ण होऊन तो तास-तास बोलायचा. पाठांतर केलेलं असतं म्हणून अडत नाही, असं म्हणायलाही तिथे जागा नव्हती. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं तिथल्या तिथे सुचेल तसं. समोरचा अर्जुन नवा प्रश्न टाकायचा आणि मामा त्याला तिथेच गार करायचा. चक्र, चंद्र, चिरंजीव, सगळे ‘च’ सरळ. पहाटे दहीकाला झाला, रंग पुसला, की टपरीवर पुन्हा ‘च... च...’ मी नऊ वर्षांची. मीच पुढे होऊन ओरडायचे, ‘मामाला चहा द्या.’ मला वाटायचं, मी केवढी मदत करते. रंगमंचावर कृष्णाचं वाक्य पुरं करायला कुणी जात नव्हतं. मामाचं पुरं करायला मात्र आम्ही सगळे धावायचो, आजी, आई, मी. शेवटच्या वर्षांत तो घरात बोलायचाच बंद झाला होता. काही लागलं तर खुणेने सांगायचा. आम्ही म्हणायचो, स्वभावच शांत.

तो अबोल स्वभाव आम्ही घडवला, हे मला कळलं तेव्हा मामा नव्हता. म्हणून तुमचं पत्र आलं त्याच रात्री उत्तर लिहायला बसले.

मामाचा कृष्ण बोलायचा तो आवाज मामाचाच होता. तसंच तुमच्या मुलाचं. खोलीत वीस मिनिटं चाललेलं ते बोलणं ताराचं नाही, त्याच्या मामाने आणलेल्या यंत्राचंही नाही. त्याच्याकडे माटोळीबद्दल वीस मिनिटांचं सांगण्यासारखं आहे, हे तुम्हाला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. ते आधीपासून त्याच्याकडे होतं.

हेडसेटचा उपयोग सरावासाठी नक्की करता येईल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मेल स्लेटर यांच्या गटाने २००२ साली लोकांना आभासी श्रोत्यांपुढे भाषण करायला लावलं. श्रोते खोटे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तोंड वाकडं करून बसलेल्या, जांभया देणाऱ्या श्रोत्यांपुढे बोलताना एरवी धीट असलेली माणसंही घाबरली. ह्याचा सुलटा अर्थ असा की तिथे केलेला सराव मनाला खरा वाटू शकतो. तोंडी परीक्षा, वर्गातलं सादरीकरण, बँकेच्या खिडकीवर विचारायचा प्रश्न, हे तो तिथे आधी बोलून बघू शकतो. पुढे मागे एखादा मित्र खोलीत बसलेला असताना बोलू शकतो. पण हे त्याला सुचू दे, किंवा वाक्-उपचारतज्ज्ञाला सुचवू दे. तुम्ही वेळापत्रक करून दिलंत तर तारासुद्धा शिकवणी होईल.

तज्ज्ञाकडे जा, हेही सांगते. पत्रात कुठे तसा उल्लेख नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात विचारणा करून सुरुवात करा. मुंबईची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ह्या कामात मोठ्या आहेत. इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही अडखळणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना. आपल्यासारखाच बोलणारा, नोकरी-संसार करणारा मोठा माणूस भेटणं ह्या वयात औषधाइतकं कामी येतं. शंभरात साधारण एका प्रौढाला हा त्रास असतो, पुरुषांत जास्त, आणि बऱ्याचदा तो घराण्यात चालत आलेला असतो. कोकणी, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषा एकदम आल्या म्हणून झालं, कुणी घाबरवलं म्हणून झालं, तुम्ही लहानपणी रागावलात म्हणून झालं, हे सगळं मनातून काढा. लहान मुलांचं बरंचसं आपोआप जातं. सोळाव्या वर्षापर्यंत टिकलेलं बहुधा थोडंफार राहतं. ते मुळापासून घालवणारी गोळी नाही, पण अडलं तरी न लाजता, न झगडता पुढे बोलत राहणं नक्की शिकता येतं, आणि पुष्कळ लोक शिकतात.

पैशांचं आणि माहितीचं कामही उरकून घ्या. खातं कुणाच्या नावावर आहे? त्याच्या मामाच्या असेल तर मुलाचं वय तिथे मोठ्या माणसाचं नोंदलं गेलं असेल. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली जाते आणि तिची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचा आवाज, त्याची बोलणी कुठे साठतात, ती पुसता येतात का, हे त्याच्याबरोबर बसून सेटिंगमध्ये बघा. त्याच्या पाठीमागे बघू नका.

आणखी एक. तारा ही कंपनीची वस्तू आहे. २०२३च्या फेब्रुवारीत रेप्लिका नावाच्या बोलक्या सोबत्याचं वागणं कंपनीने एकाएकी बदललं, आणि वापरणाऱ्या कितीतरी लोकांना घरचं माणूस रातोरात परकं झाल्यासारखं दुःख झालं. त्याच महिन्यात इटलीच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने अल्पवयीनांना असलेल्या धोक्याचंही कारण देत त्या प्रोग्रामला तिथल्या लोकांची माहिती वापरायला मनाई केली. तुमच्या मुलाला हे सांगा, मोठ्या माणसाला सांगतो तसं. ‘उद्या ही बदलू शकते, बंद पडू शकते, तुझ्या मनात असू दे.’ तो समजण्याच्या वयाचा आहे.

काळजी कधी करायची? घुमट आरतीच्या तालमीला जाणं त्याने सोडलं, झोप बिघडली, एक रात्र हेडसेट मिळाला नाही तर जीव कासावीस व्हायला लागला, तर. तारा कधी कंटाळत नाही, कधी ‘गप रे, तेच तेच काय सांगतोस’ म्हणत नाही, नेहमी त्याचंच खरं धरते. मित्र असा नसतो, आणि मुलाला मित्राची सवय राहायला हवी. तालमीला जातोय तोवर मला चिंता वाटत नाही.

बाहुली बघून तुम्हाला कसंतरी होतं, त्याचंही कारण आहे. १९७० साली मासाहिरो मोरी ह्या जपानी अभियंत्याने लिहून ठेवलंय की माणसासारखी, पण पुरती माणसासारखी नव्हे अशी आकृती दिसली की मन एकदम दचकतं. तुम्हाला ती आवडली पाहिजे असं काही नाही.

राहता राहिलं घरातलं. बटण. ते तुम्हाला घरात बसवायचं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. वहिनींना आणि घरातल्या बाकीच्यांना एवढंच सांगा की तो बोलत असताना त्याचं बोट बटणावर आहे असं समजायचं. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘घाबरू नकोस’ ह्यातलं काहीही म्हणायचं नाही. तो अडला की ताटात बघायचं नाही, टीव्हीकडे नाही, त्याच्याकडे बघायचं, नेहमीसारखं. चेहऱ्यावर कळवळा आणायचा नाही; तो त्याला दुरून दिसतो. आणि आपलं स्वतःचं बोलणं थोडं सावकाश करायचं, एकाने थांबल्यावर दुसऱ्याने जरा दम धरायचा, म्हणजे ती सूट एकट्या त्याच्यासाठी काढल्यासारखी दिसणार नाही. पहिल्या आठवड्यात तुम्हालाच घाम फुटेल. तीन सेकंद फार लांब असतात.

चवथीला अजून महिना आहे. माटोळी बांधायच्या दिवशी शिडीवर तुम्ही चढा आणि खाली सामान द्यायला त्याला उभा करा. आधी काय टांगायचं, ते त्याला विचारा. तो ‘तो... तो...’वर येईल. तोरिंग तुमच्या समोर, टोपलीत सगळ्यांत वर, दिसत असेल. हात पुढे करू नका. शिडी घट्ट धरा, त्याच्याकडे बघा, आणि तो ते म्हणेपर्यंत वरच थांबा.